व्यक्तिचित्राचा सराव आणि टीकेचा उपयोग

संगणकाच्या पडद्यावर व्यक्तिचित्र रेखाटणाऱ्या विद्यार्थ्याला एका सोयीचा मोह पडतो. चेहऱ्याचा कोणताही भाग हवा तेवढा मोठा करून पाहता येतो. त्यामुळे पापणी रेखीव उतरते. परंतु डोळा योग्य जागी आहे की नाही, याकडे दुर्लक्ष होते. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर असतात आणि त्यांमधील अंतर साधारणतः एका डोळ्याच्या रुंदीइतके असते. नवशिका बहुधा डोळे वर सरकवतो. मग कपाळ आखूड होते आणि साम्य हरपते.

हा दोष स्वतःला सहसा दिसत नाही, कारण एकच चित्र तासन् तास पाहून नजर त्याला सरावते. लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) याने यावर दोन उपाय सुचविले आहेत : चित्र आरशात पाहावे आणि चित्रकार नसलेल्यांचेही मत ऐकावे. पडद्यावर चित्राची डावी-उजवी बाजू पालटली की आरशाचे काम होते. टीका मात्र दुसऱ्याकडूनच मिळवावी लागते.

काय खटकते, ते टीकाकार सांगेल. कोठे व किती चुकले, हे विद्यार्थ्याने मूळ छायाचित्राशी ताडून, मोजून ठरवावे. चुकलेले रेखाटन पुसू नये. त्यावर नवा पारदर्शक थर घेऊन दुरुस्तीची रेषा निराळ्या रंगात काढावी, म्हणजे चूक मोजता येते. पुढील चित्रात प्रथम तोच भाग तपासावा. तरीही तीच टीका होत राहिली, तर कवटीच्या रचनेचा अभ्यास पुन्हा आरंभापासून करावा.