भिंतीवरचा जपानी बगळा : किती खर्च येतो?

बर्फात एकटाच उभा असलेला पांढरा बगळा. डाळिंबाच्या फांदीवर बसलेला काकाकुवा. लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं असं जपानी चित्र घरात लावायचं मनात आलं, की शोध बहुधा ओहारा कोसोनपाशी (१८७७–१९४५) येऊन थांबतो. जपानीत या प्रकाराला ‘काचो-ए’ म्हणतात. का म्हणजे फूल, चो म्हणजे पक्षी आणि ए म्हणजे चित्र. होकुसाई आणि हिरोशिगे यांनीही १८३०च्या दशकात अशी सुंदर चित्रं केली. त्या काळी एका चित्राची किंमत वाडगाभर सोबा नूडल्सच्या आसपास होती. आज मात्र एकच बगळा हजार रुपयांतही मिळतो आणि लाखातही. हा फरक समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

सगळ्यात स्वस्त म्हणजे डिजिटल प्रत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आपल्या संग्रहातली कोसोनची कित्येक चित्रं मोठ्या आकारात फुकट उतरवून घेण्यासाठी खुली ठेवली आहेत. चांगल्या फोटो-लॅबमधून जाड मॅट कागदावर छापून घेतलं, तर साधारण ८०० ते १,५०० रुपये लागतात. मुलांच्या खोलीसाठी किंवा भाड्याच्या घरासाठी मी हेच सुचवेन. फसवणूक होते ती अशीच छापील प्रत ‘वूडब्लॉक’ म्हणून पाच-सहा हजारांना विकली जाते तेव्हा.

ती ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते यंत्राचं काम. हाताने छापलेल्या चित्रात रंग सलग असतो, कागदात मुरलेला असतो आणि मागच्या बाजूलाही उमटलेला दिसतो. मागे गोलाकार घासल्याच्या खुणा असतात; कागद ठोकळ्यावर दाबण्याच्या ‘बारेन’ नावाच्या चकतीच्या त्या खुणा. चित्र तिरक्या उजेडात धरून बघा. बगळ्याच्या पिसांना कधीकधी रंग लावलेलाच नसतो, कोऱ्या ठोकळ्याने कागद दाबून ती पिसं उठावदार केलेली असतात. आकाशातली गडद-फिकट छटा छापणारा दर प्रतीसाठी ठोकळ्यावर नव्याने पुसून घेतो, त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. पैसे मोजायचे ते या हातकामासाठी.

म्हणून पहिल्या खरेदीला माझं मत हाताने छापलेल्या नव्या प्रतीला. तोक्योतल्या अडाची संस्थेत आजही कारागीर ठोकळे नव्याने कोरून जुनी चित्रं छापतात. ३९ बाय २६ सेंटिमीटरच्या आसपासच्या, म्हणजे ‘ओबान’ आकाराच्या अशा प्रतीला साधारण १५ ते २० हजार येन पडतात, म्हणजे नऊ ते बारा हजार रुपये.

कोसोनच्या हयातीतली प्रत हवी असेल, तर तीस हजारांपासून सव्वा लाखापर्यंत तयारी ठेवा. लोकप्रिय चित्रं त्याहून वर जातात. इथे सही पाहायलाच हवी. सुरुवातीच्या चित्रांवर ‘कोसोन’ आहे, तर १९२६ नंतर वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकासाठी केलेल्या चित्रांवर ‘शोसोन’. वातानाबेंचा शिक्का काळानुसार बदलत गेला, त्यावरून छपाईचा काळ ठरवता येतो. विक्रेत्याकडून शिक्क्याचा, मागच्या बाजूचा आणि चारही कडांचा फोटो मागून घ्या. कडा कापलेल्या असतील, तर किंमत पुष्कळ उतरायला हवी. होकुसाईच्या हयातीतल्या प्रती लाखांच्या घरातल्या; त्या संग्राहकांसाठी सोडा.

परदेशातून मागवताना कुरिअर, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी धरूनच हिशेब करा आणि नेमका आकडा आधी कुरिअर कंपनीकडून लेखी घ्या. तोक्योत कोणी नातेवाईक असतील, तर जिंबोचो भागातल्या जुन्या चित्रांच्या दुकानांत त्यांना प्रत्यक्ष पाहायला सांगता येईल.

आता फ्रेम. इथे काटकसर करू नका, हे मी अनुभवाने सांगते. माझं पहिलं चित्र फ्रेमवाल्याने चिकटपट्टीने साध्या पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि काच थेट कागदावर टेकवली. दोन पावसाळ्यांत कागदावर तांबूस डाग उठले. ते निघाले नाहीत. तेव्हापासून मी फ्रेमवाल्याला कागदावरच लिहून देते : ॲसिड-फ्री माउंट, काच आणि चित्र यांच्यात फट, जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या गव्हाच्या खळीने लावलेल्या, अतिनील किरण अडवणारी ॲक्रिलिक. साधी फ्रेम हजार-दीड हजारात होते, ही तीन ते सहा हजारांत जाते. दहा हजारांच्या चित्राला पाच हजारांची फ्रेम मला मुळीच जास्त वाटत नाही.

जुने वनस्पतिजन्य निळे-तांबडे रंग उजेडात फार लवकर उडतात, नवेही फिकटतातच. खिडकीसमोरची भिंत टाळा. मुंबईत किंवा कोकणात बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिथे चित्र नकोच. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे लावा, म्हणजे हवा खेळती राहते. जून ते सप्टेंबर मी चित्र उतरवून कपाटात सपाट ठेवते आणि दसऱ्याला पुन्हा लावते.