डिफरन्शियल घरी खोलताना

आमच्या मालाच्या टेम्पोचा मागचा एक्सल घरघरू लागला, तेव्हा आम्ही घरीच डिफरन्शियल खोलले. झिजलेला पिनियन तेवढा नवा टाकला, क्राऊन जुनाच ठेवला. आवाज वाढला आणि नवे दातही गेले. क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून तयार होतात. म्हणून बदलायची ती जोडीच.

व्यापारी बंधूंनी लक्षात ठेवावे: गाडी नुसत्या जॅकवर नव्हे, स्टँडवर घ्यावी. बेअरिंगच्या कॅपांवर डाव्या-उजव्याची खूण करावी. त्यांची अदलाबदल चालत नाही. शिमची जाडी मोजून लिहावी. जोडताना दातांतील खेळ डायल गेजने मोजून मॅन्युअलप्रमाणे ठेवावा. दातांना रंग लावून फिरवावे. ठसा दाताच्या मध्यावर यावा. गेज नसेल तर खोलणे-धुणे घरी, पण सेटिंग जाणत्या मिस्त्रीकडूनच करावे.