मनाच्या गतीचे मोजमाप

भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरीच्या परिसरात मँगनीजचे खनिज आहे. खाणीत खनिज विपुल असले, तरी रस्ता उखडलेला असेल तर माल वेळेवर पोहोचत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत मनुष्याच्या मेंदूची काहीशी अशीच अवस्था होते.

मेंदूतील व पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. त्याच्या योगाने संदेश वेगाने धावतात. या व्याधीत शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच त्या आवरणावर उलटते. ते जागोजाग नष्ट होते आणि संदेश मंदावतात किंवा अडतात. १८६८ साली पॅरिसचे वैद्य शार्को यांनी या रोगाचे पद्धतशीर वर्णन केले. रोग्यांची स्मृती दुर्बळ होते, हेही त्यांनी नोंदवून ठेवले. तथापि पुढे दीर्घकाळ वैद्यांचे लक्ष मुख्यतः रोग्याच्या शारीरिक व्यंगाकडेच राहिले. लटपटणारे पाय सर्वांस दिसतात. मंदावलेले मन कोणास दिसत नाही.

ते दृष्टीस आणण्याचे कार्य अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टीफन राव यांनी केले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० रोगी आणि १०० निरोगी माणसे यांची स्मृती, अवधान व विचारशक्ती तपासली. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग्यांपैकी ४८ जण, तर निरोग्यांपैकी केवळ ५ जण अनेक चाचण्यांत मागे पडले होते. शरीराचे व्यंग थोडे असले म्हणजे मन शाबूत असतेच असे नाही, हेही आढळले. ज्यांचे मन मंदावले होते, त्यांच्यापैकी नोकरीत टिकलेले थोडे होते.

अशा कसोट्यांपैकी एक अगदी साधी आहे. कागदाच्या माथ्यावर नऊ चिन्हे व त्यांचे अंक दिलेले असतात. खालच्या ओळींतील चिन्हांचे अंक ९० सेकंदांत सांगावयाचे. येथे ज्ञानाची नव्हे, तर गतीची परीक्षा होते.

पुढे चियारावालोटी व डेलुका या संशोधकांनी उपायही शोधला. लक्षात ठेवावयाच्या गोष्टीचे मनात चित्र रेखाटावे व ती कथेत गुंफावी, असे त्यांनी रोग्यांस शिकविले. त्यामुळे त्यांच्या स्मरणात सुधारणा झाल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले.

उत्तर देण्यास विलंब करणारा प्रत्येक मनुष्य आळशी नसतो. त्याला थोडा अधिक वेळ देणे, हीच पुष्कळदा खरी मदत होय.

स्वाध्याय
१. रोग्याच्या मनाकडे वैद्यांचे दुर्लक्ष का झाले?
२. चिन्हांच्या कसोटीने कशाची परीक्षा होते?
३. ‘शाबूत असणे’ या शब्दप्रयोगाचा वाक्यात उपयोग करा.