चिकलठाण्याहून मुंबई, दिल्ली : अंतर आणि वेळेचा हिशेब

मोबाइल, कागद, पेन्सिल आणि वर्गमूळ आणि कोसाइन काढणारा कॅल्क्युलेटर एवढे पुरे.

1. आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश टिपा. नकाशाच्या ॲपमध्ये धावपट्टीवर बोट दाबून धरले की आकडे दिसतात. चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) : 19.86 उत्तर, 75.40 पूर्व. मुंबई : 19.09 उत्तर, 72.87 पूर्व.

2. अक्षांशांतला फरक 0.77. एका अंशाला 111 किलोमीटर धरले की उत्तर-दक्षिण अंतर 85 किलोमीटर भरते.

3. रेखांशांतला फरक 2.53. इथे मात्र 111 ने गुणू नका. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ सरकत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एक अंश साधारण 105 किलोमीटरचाच असतो. दूरच्या शहरासाठी दोन्ही अक्षांशांची सरासरी काढून तिच्या कोसाइनने 111 ला गुणावे. मुंबईसाठी 105 धरले की पूर्व-पश्चिम अंतर येते 266 किलोमीटर.

4. आता शाळेतला पायथागोरस. दोन्ही आकड्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा : सुमारे 279 किलोमीटर, म्हणजे 151 नॉटिकल मैल. याच रीतीने दिल्ली सुमारे 980 किलोमीटर येते. खंडापलीकडच्या प्रवासाला ही रीत चालत नाही, तिथे पृथ्वीची गोलाई पूर्ण धरावी लागते.

5. अंतराला ताशी 800 ने भागा आणि अर्धा तास मिळवा. टॅक्सीवेवरून धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरणे यात तो जातोच. मुंबईची नुसती उड्डाणवेळ 21 मिनिटे, त्यावर हा अर्धा तास. वेळापत्रकात मात्र तास-सव्वा तास दिसेल. मुंबईच्या आकाशातली गर्दी विमान कंपन्यांना चांगली ठाऊक असते.

6. खरा हिशेब घराच्या दारापासून. चिकलठाण्यापर्यंत अर्धा तास, उड्डाणाआधी दीड तास, विमानात तासभर, सामानाला अर्धा तास. इथेच साडेतीन तास झाले! पुढे अंधेरीला अर्धा तास धरा, फोर्टला दीड. म्हणजे फोर्टच्या कामाला विमानानेही पाच तास लागतात. वंदे भारत सीएसएमटीला सहा तासांच्या आसपास सोडते आणि तिथून फोर्ट पायी गाठता येते. वाचलेल्या तास-दीड तासासाठी तिकिटातला फरक किती द्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तरी फोर्टसाठी रेल्वेच धरेन. समृद्धी महामार्गाने जाणाऱ्यांनी ठाण्यापुढची कोंडी स्वतंत्र मांडावी.

दिल्लीला मात्र घासाघीस नको. विमानात जेमतेम दोन तास, दारापासून दारापर्यंत साडेपाच-सहा. सचखंड एक्सप्रेसला जवळपास अख्खा दिवस लागतो. तिथे विमानच घ्यावे.