पोपटाची वाटी

विद्यार्थिमित्रहो, "माझा आवडता पक्षी" हा निबंध लिहावयास दिला म्हणजे वर्गांतील निम्म्या वह्यांवर पोपट येऊन बसतो, आणि बहुतेक वह्यांत एक वाक्य ठरलेलें असतें: "त्याला पेरू व मिरची फार आवडते." वाक्य खोटें नाहीं. परंतु आवडतें तें आणि मानवतें तें, यांत अंतर आहे. रानांतला पक्षी हें अंतर आपल्या अनुभवानें ओळखतो. पिंजऱ्यांतल्या पक्ष्याला निवड करण्याची मोकळीकच नसते. त्याच्या वतीनें ती निवड पाळणाऱ्यानें करावयाची असते. ही जबाबदारी किती मोठी आहे, हें मला एका चुकीनें शिकविलें. ती चूक प्रथम सांगतों.

मी इंग्रजी शाळेंत नुकताच जाऊं लागलों होतों. आमच्या ओटीवर एक पिंजरा असे, व त्यांत एक हिरवा व एक पिवळा असे दोन लहान पोपट होते. बाजारांत यांना "लव्हबर्ड" म्हणून विकतात. पण त्यांचें खरें नांव बजरीगर. त्यांना दाणे घालण्याचें काम माझ्याकडे होतें. सहामाही परीक्षा आली, आणि मी पुस्तकांत गढून गेलों. रोज रात्रीं आई विचारी, "दाणे आहेत ना रे?" मी उंबरठ्यावरूनच पाहून सांगें, "वाटी भरलेली आहे." तिसऱ्या दिवशीं सकाळीं हिरवा पोपट पिंजऱ्याच्या तळाशीं निपचित पडलेला आढळला. शेजारचे आजोबा आले. त्यांनीं वाटी हातांत घेतली व तिच्यावर नुसती एक फुंकर मारली. वाटींतलें सगळें उडून गेलें. तळाशीं एकही दाणा नव्हता. पोपट दाणा सोलून आंतला गर खातो व फोलपट तिथेंच टाकतो. ती वाटी फोलपटांनीं भरली होती. पिवळा पोपट वांचला. आई मला एक शब्दही बोलली नाहीं. बोलली असती तर बरें वाटलें असतें.

तेव्हांपासून पाखरांच्या आहाराविषयीं जें वाचलें, जाणत्यांस विचारलें व स्वतः करून पाहिलें, त्याचें सार पुढें देत आहें.

कोणता पोपट पाळावा?

आहाराकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट पालकांच्याही ध्यानांत आणून द्यावीशी वाटते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरीं पिंजऱ्यांत जो राघू असे, तो गळ्याभोंवतीं गुलाबी व काळें कडें असलेला देशी पोपट होय. आज तो पाळणें कायद्यानें मना आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वयें आपल्या देशांतील रानपोपट पकडणें, विकणें व घरीं ठेवणें हा गुन्हा आहे. कोणाच्या घरीं असा पोपट असल्यास वनखात्यास कळवावें. पिंजऱ्याचें दार उघडून त्याला एकदम सोडून देऊं नये. माणसाच्या हातीं वाढलेल्या पाखराला अन्न शोधतां येत नाहीं व शत्रूही ओळखतां येत नाहीं. परदेशी पोपटांपैकीं कित्येक जातींची सरकारदरबारीं नोंद करावी लागते. म्हणून विकत घेण्याआधींच चौकशी करावी. घरोघर सर्रास पाळला जाणारा पोपट म्हणजे बजरीगर. त्याचेंच उदाहरण येथें घेतों.

रानांतलें जेवण

बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियांतील. त्या खंडाच्या कोरड्या अंतर्भागांत त्याचे मोठमोठे थवे हिंडतात. जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें १८४० सालीं कांहीं जिवंत बजरीगर इंग्लंडांत नेले, व तेथून हा पक्षी जगभर घरोघरीं पसरला. हा पक्षी रानांत गवताचें बीं खातो, म्हणून पिंजऱ्यांतही नुसते दाणे घातले म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटतें. येथेंच चूक होते. रानांत तो नाना प्रकारच्या गवतांचें बीं खातो. त्यांतलें कांहीं पिकलेलें, तर कांहीं अजून हिरवें व दुधाळ असतें. शिवाय दाण्यापाण्यासाठीं तो कोसचे कोस उडतो. पिंजऱ्यांत त्याला मिळतात एकदोन जातींचे सुके दाणे, आणि उडावयास मिळते हातभर जागा. अन्न एकसुरी व श्रम मुळींच नाहींत, अशा स्थितींत माणूसही निरोगी राहणार नाहीं. मग पाखरूं कसें राहील?

सुक्या दाण्यांत स्निग्धांश व पिष्ट पुरेसें असतें. परंतु अ जीवनसत्त्व, कॅल्शियम व आयोडीन हीं फारच कमी असतात. अ जीवनसत्त्व कमी पडलें म्हणजे तोंड, घसा व श्वासनलिका यांचें आंतील नाजूक अस्तर बिघडतें व रोगजंतूंना वाट मोकळी होते. कॅल्शियम कमी पडलें म्हणजे हाडें ठिसूळ होतात, आणि मादीचें अंडें पोटांतच अडकून तिचे प्राण संकटांत येतात. आयोडीनच्या अभावीं बजरीगराच्या गळ्यांतील ग्रंथि सुजते व त्याला श्वास घेणें जड जातें. सूर्यफूल व करडई यांच्या बियांत तेल पुष्कळ असतें. पोपट त्या आवडीनें खातो, आणि नेमक्या त्यामुळेंच लठ्ठ होतो व त्याच्या यकृतांत चरबी सांचते. बाहेरून पाखरूं गुबगुबीत दिसतें, पाहुणे कौतुक करितात, आणि आंतून तें पोखरत असतें.

वाटींत काय असावें?

यावर उपाय कठीण नाहीं व खर्चाचाही नाहीं. आहाराचे तीन भाग समजावे.

पहिला भाग मुख्य अन्नाचा. आजकाल पशुवैद्य पोपटांसाठीं मुद्दाम तयार केलेलें गोळीखाद्य सुचवितात. त्यांत सर्व पोषक द्रव्यें एकत्र असल्यामुळें पाखराला हवें तें उचलून नको तें टाकतां येत नाहीं. तें परवडत असेल तर अवश्य द्यावें, व जोडीला थोडे दाणेही ठेवावे. दाणे देतांना एकाच जातीचे न देतां राळे, वरी, नाचणी, बाजरी असे मिसळून द्यावे. एका बजरीगरास दिवसाला चहाचे दीड ते दोन चमचे दाणे पुरतात. राळ्याचीं सबंध कणसें मिळाल्यास पिंजऱ्यांत टांगावीं. दाणा काढण्याच्या उद्योगांत पाखराचा वेळही चांगला जातो.

दुसरा भाग भाजीपाल्याचा, व तो रोज हवा. कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला, किसलेलें गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची व उकडलेलें रताळें हें सारें आपल्या स्वयंपाकघरांतच असतें. गाजर, भोपळा व हिरवा पाला यांतून अ जीवनसत्त्वाची उणीव भरून निघते. पालक मात्र क्वचित् द्यावा, कारण त्यांतील एक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतें. मोड आलेले मूग स्वच्छ धुऊन थोडे द्यावे. तिखट मिरची पोपट मजेंत खातो, याचें आश्चर्य वाटावयास नको. मिरचींतील जें द्रव्य आपली जीभ भाजतें, तें पक्ष्यांना जाणवतच नाहीं. मिरचीचें बीं दूरवर पसरविण्याचें काम निसर्गानें पक्ष्यांकडे सोंपविलें आहे.

तिसरा भाग फळांचा व खाऊचा. पेरू, डाळिंब, पपई किंवा बिया काढलेलें सफरचंद नखाएवढें पुरे. फळांत साखर असते, आणि बजरीगराचें वजन अवघें तीस ते चाळीस ग्रॅम. आपल्याला जी एक फोड वाटते, ती त्याला मेजवानी होते. सूर्यफुलाचें बीं शाबासकी म्हणून एखादें द्यावें.

याखेरीज पिंजऱ्याच्या गजाला समुद्रफेसाचा एक तुकडा अडकवून ठेवावा. समुद्रफेस म्हणजे माकूल जातीच्या समुद्रप्राण्याच्या पाठींतील पांढरें, ठिसूळ कवच. त्यांत कॅल्शियम भरपूर असतें व पाखरूं तें गरजेप्रमाणें कुरतडतें. कॅल्शियम अंगीं लागावयास सकाळचें कोंवळें ऊनही लागतें. खिडकीच्या कांचेंतून आलेल्या उन्हाचा तितका उपयोग होत नाहीं. मात्र पिंजऱ्याचा एक भाग सांवलींत असावा, व मांजर जवळपास नाहीं याची खात्री असावी.

दिनक्रम

रानांत पोपट सकाळीं व सूर्यास्ताच्या आधीं पोटभर खातात व दुपारीं विसांवा घेतात. आपणही तोच क्रम ठेवावा.

सकाळीं उठल्यावर प्रथम कालच्या वाट्या काढून घासाव्या व ताजें पाणी ठेवावें. नंतर बारीक चिरलेला भाजीपाला द्यावा. सकाळीं पाखरूं भुकेलेलें असतें, म्हणून नावडतें अन्नही चाखून पाहतें. आपल्याकडील उष्म्यांत ओली भाजी लौकर आंबते. म्हणून ती दोन तासांच्या आंत काढून टाकावी. मग मोजलेल्या दाण्यांपैकीं निम्मे घालावे. दुपारीं पाणी बदलावें. सायंकाळीं, दिवे लागण्यापूर्वीं, वाटीवर फुंकर मारून फोलपटें उडवावीं व उरलेले दाणे घालावे. त्यानंतर दहा-बारा तास शांत झोंप मिळेल अशा जागीं पिंजरा ठेवावा. पाण्याची व दाण्याची वाटी बसण्याच्या दांडीखालीं कधींही ठेवूं नये. वरून विष्ठा पडून दोन्ही दूषित होतात.

आठवड्यांतून एकदां, ठराविक वेळीं, ग्रॅम दाखविणाऱ्या लहान तराजूवर पाखराचें वजन करून वहींत लिहून ठेवावें. पक्षी आपलें दुखणें लपवितो, कारण रानांत दुबळा दिसणारा पक्षीच शिकाऱ्याच्या नजरेस प्रथम पडतो. पिसें फुगवून तो एका जागीं बसलेला दिसेपर्यंत रोग बराच पुढें गेलेला असतो. पस्तीस ग्रॅमच्या पाखराचें वजन तीन-चार ग्रॅमनीं घटलें, तर विलंब न करितां पशुवैद्याकडे न्यावें. वजनाची वही तुम्हांला आधीं सावध करील.

काय देऊं नये?

आपल्याकडे प्रेमानें केला जाणारा मोठा अपराध म्हणजे चहांत बुडविलेली चपाती किंवा बिस्किट. चहा, कॉफी व चॉकलेट पोपटाला विषासमान आहेत. दूध त्याला पचत नाहीं. शेव, फरसाण, खारे दाणे यांतलें मीठ व तेल त्या लहानशा मूत्रपिंडांना झेपत नाहीं. बुरसटलेले शेंगदाणे तर मुळींच नकोत. त्या बुरशीचें विष यकृतावर घाला घालतें. ॲव्होकॅडो हें नव्यानें बाजारांत आलेलें फळ माणसाला चांगलें, पण पोपटाला प्राणघातक आहे. सफरचंदाच्या बिया, कांदा व मद्य हींही वर्ज्य समजावीं. आपल्या तोंडांतला घास पाखराला भरवूं नये. आपल्या लाळेंतले जंतु त्याला बाधतात. आणि स्वयंपाकघरांत पिंजरा ठेवूं नये. न चिकटणारा लेप दिलेला तवा अतिशय तापला म्हणजे त्यांतून निघणारी वाफ आपल्याला कळण्यापूर्वींच पाखराचा प्राण घेते.

बदल हळूहळू करावा

हें वाचून एखादा उत्साही विद्यार्थी उद्यांच दाणे बंद करील व वाटींत नुसता पाला भरील. असें कदापि करूं नये. केवळ दाण्यांवर वाढलेल्या पोपटाला गाजर हें अन्न आहे हेंच ठाऊक नसतें. तो त्याच्यापाशीं उपाशी राहील, पण त्याला चोंच लावणार नाहीं. म्हणून नेहमींचे दाणे चालू ठेवून नवें अन्न रोज थोडें पुढें करावें. ओली कोथिंबीर गजाला बांधावी. पानांवरचे पाण्याचे थेंब बजरीगराला फार आवडतात. किसलेल्या गाजरावर चिमूटभर राळे भुरभुरावे. आपण त्याच्यासमोर बसून तीच भाजी खावी. थव्यांतला पक्षी सोबत्याचें अनुकरण करितो. कित्येक आठवडे लागतील. या काळांत वजन व विष्ठा यांवर लक्ष असावें, आणि वजन उतरूं लागल्यास घाई सोडून पूर्ववत् दाणे द्यावे.

आमचा पिवळा पोपट पुढें पांच वर्षें जगला. पहिले कित्येक दिवस तो कोथिंबिरीकडे पाठ फिरवून बसे. शेवटीं शेवटीं सकाळची जुडी बाजारांतून आली कीं पिशवीच्या आवाजानेंच किलबिलाट करी. परीक्षा त्यानंतरही दरवर्षीं येत. पण संध्याकाळीं आईनें विचारण्यापूर्वीं मी पिंजऱ्यापाशीं जाऊन वाटी हातांत घेत असें.

मित्रहो, तुमच्या घरीं पाखरूं असेल, तर आज घरीं गेल्यावर एवढेंच करा: वाटी हातांत घ्या व तिच्यावर एक फुंकर मारा. खालीं काय उरतें तें पाहा. जें पाखरूं आपण होऊन अन्न शोधावयास जाऊं शकत नाहीं, त्याला दुरून पाहून "वाटी भरलेली आहे" म्हणणें पुरेसें नाहीं.