घरोघर जाणारा डॉक्टर : डॉ. अकासियो व्हिएगस

कुटुंबाचा डॉक्टर म्हणजे केवळ औषध लिहून देणारा गृहस्थ नव्हे. रुग्णालयांत डॉक्टराला रोगी तेवढा दिसतो. रोग्याच्या घरीं गेल्यावर मात्र त्याचें अंथरूण, पिण्याचें पाणी, अंधारी खोली आणि शेजाऱ्यांचीं दुखणीं हीं सर्व त्याच्या नजरेस पडतात. अशाच नजरेनें मुंबईवर आलेलें एक मोठें संकट प्रथम ओळखलें. ती नजर डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांची होय.

गोव्यांत बारदेश तालुक्यांतील हडफडें गांवीं १ एप्रिल १८५६ रोजीं त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स हायस्कुलांत व वैद्यकीय शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजांत झालें. १८८० सालीं पदवी सन्मानानें मिळवून त्यांनीं मांडवी भागांत दवाखाना घातला. मांडवी ही बंदराला लागून असलेली दाट वस्ती. जवळच धान्याच्या वखारी, अरुंद गल्ल्या, तुंबलेलीं गटारें आणि एकेका खोलींत दाटीनें राहणारीं कुटुंबें. व्हिएगस यांचें आयुष्य याच जिन्यांवरून चढउतार करण्यांत जात होतें. १८८८ सालीं ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद निवडून आले, तरी त्यांचा मुख्य धंदा रोग्यांचाच राहिला.

सप्टेंबर १८९६ मध्यें त्यांच्या पाहण्यांत विलक्षण रोगी येऊं लागले. जोराचा ताप, ग्लानि, जांघेंत किंवा काखेंत दुखरी गांठ, आणि थोड्याच दिवसांत मृत्यु. तापानें माणसें दगावणें त्या काळीं नवलाचें नव्हते. म्हणून मृत्यूच्या कागदावर ‘ताप’ एवढें लिहून मोकळें होणें सोपें होतें. व्हिएगस यांनीं तसें केलें नाहीं. एकाच वस्तींतील रोग्यांचीं लक्षणें त्यांनीं एकमेकांशीं ताडून पाहिलीं. आसपास उंदीर मरून पडत होते, हेंही त्यांच्या ध्यानीं आलें. २३ सप्टेंबर १८९६ रोजीं त्यांनीं कॉर्पोरेशनच्या स्थायी समितीपुढें स्पष्ट सांगितलें, कीं मांडवींत ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, शिरला आहे.

हे शब्द उच्चारणें सोपें नव्हते. प्लेगचें नांव निघतांच परदेशीं बंदरें मुंबईच्या जहाजांस अडविणार, व्यापार बुडणार, हें सर्वांस ठाऊक होतें. आरंभीं अनेकांनीं शंका घेतली. परंतु स्वतंत्र तज्ज्ञांनीं तपासणी केली आणि निदान खरें ठरलें.

पुढें सरकारनें कठोर उपाय योजिले. १८९७ सालीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांच्या झडत्या, सक्तीनें रुग्णालयांत नेणें, सामान जाळणें सुरू झालें. लोक भयभीत होऊन आपले रोगी लपवूं लागले. त्यापूर्वींच, ऑक्टोबर १८९६ मध्यें, गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. जेथें विश्वास नाहीं तेथें औषधालाही लोक भितात, हें त्या दिवसांनीं शिकविलें.

याच सुमारास वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईंत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पण प्रयोगशाळेंतील लस चाळींतील माणसाच्या दंडापर्यंत कोणीं पोंचवावी? हें काम ओळखीच्या डॉक्टरांचें होतें. व्हिएगस यांनीं स्वतःच्या हातानें सुमारे १८,००० लोकांस लस टोचली असें सांगतात. परक्या शिपायास दार न उघडणारा मनुष्य आपल्या डॉक्टरापुढें बाही वर करतो. या संख्येचें मर्म तेथें आहे.

आपल्या उपनगरांशींही या कथेचा निकट संबंध आहे. त्या वेळीं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं भातशेतीचीं लहान गांवें होतीं. साथीच्या भयानें लाखों लोकांनीं मुंबई सोडली. आगगाडीच्या दोन्ही रस्त्यांनीं माणसें साष्टींत उतरलीं, आणि त्यांच्यामागून रोगही आला. वांद्र्याच्या गल्ल्यांतील प्लेगचे क्रूस आजही त्या दिवसांची आठवण देतात. उंदरांच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात, हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं दाखविलें. व्हिएगस यांना तें शास्त्र उपलब्ध नव्हते. तरीही घाण काढा, उंदीर मारा, हा त्यांचा आग्रह योग्य दिशेचाच होता.

त्याच साथींत पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. त्या डॉक्टर नव्हत्या, पण रोग्याजवळ जाण्याचें धैर्य तेंच होतें.

१९०६ सालीं व्हिएगस कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. प्राथमिक शिक्षण सक्तीचें व्हावें, यासाठींही ते झटले. १९३३ सालीं त्यांचा अंत झाला. धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमाच्या समोर, त्यांचा पुतळा उभा आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कांहीं पुढें डॉक्टर व्हाल. यंत्रें तुमच्याजवळ व्हिएगस यांच्याहून कितीतरी अधिक असतील. परंतु रोग्याच्या उशापाशीं बसून नीट पाहणें, आणि जें दिसलें तें कोणास रुचो वा न रुचो, वेळेवर सांगणें, हीं दोन कामें कोणतेंही यंत्र तुमच्यासाठीं करणार नाहीं. तीं आतांपासूनच अंगीं बाणवावीं लागतील.