वृद्धांमधील शल्यकर्मोत्तर बुद्धिमांद्य : प्रतिबंध व आपले कर्तव्य

पैठण, कन्नड वा वैजापूरकडील सत्तरीचा रुग्ण खुब्याचे हाड मोडल्याने शहरात दाखल होतो, शल्यकर्म यशस्वी होते. पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री तो सलाईन ओढू लागतो, मुलाला ओळखत नाही. नातेवाईक यास ‘म्हातारचळ’ म्हणून स्वीकारतात. ही बहुधा डेलिरियम, म्हणजेच तीव्र संभ्रमावस्था असते. ती ओसरल्यावरही काहींची स्मृती व एकाग्रता महिनोन्‌महिने मंद राहते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, हृदयाव्यतिरिक्त मोठे शल्यकर्म झालेल्या साठीपुढील १२१८ रुग्णांपैकी २५.८ टक्क्यांत आठवड्यानंतर व ९.९ टक्क्यांत तीन महिन्यांनंतर असा ऱ्हास आढळला.

उत्तरवयात वाताचे प्राबल्य असते. त्यात अभिघात, लंघन, रात्रीजागरण व मलमूत्रावरोध यांची भर पडते. प्रतिबंधाचे सूत्रही येथेच आहे. बोस्टन येथे खुब्याच्या अस्थिभग्नाच्या १२६ वृद्धांवर झालेल्या अभ्यासात (२००१) वेदनाशमन, द्रव व पोषण, मलमूत्रप्रवृत्ती, लवकर चालविणे व अनावश्यक औषधे वगळणे यांकडे वार्धक्यतज्ज्ञांनी लक्ष पुरविले, तेव्हा संभ्रमाचे प्रमाण ५० वरून ३२ टक्क्यांवर आले. सुश्रुताचार्यांनी व्रणितोपासनीय अध्यायात सुहृदांनी रुग्णाजवळ बसून गोष्टी सांगाव्यात व दिवास्वाप टाळावा असे म्हटले आहे, हे येथे आवर्जून स्मरावे. चष्मा व श्रवणयंत्र घरी ‘सांभाळून’ ठेवण्याची आपल्याकडील पद्धत मात्र घातक होय. ती साधने रुग्णाजवळच हवीत.

औषधविक्रेत्या बंधूंस विशेष विनंती. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेवरील गुंगी आणणारी औषधे वृद्धांत संभ्रम वाढवितात. ती चिठ्ठीविना देऊ नयेत. मात्र दीर्घकाळ चालू असलेली झोपेची गोळी एकाएकी थांबविणेही तितकेच धोक्याचे.

आता मेध्य रसायनांविषयी. मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची व शंखपुष्पी यांची चरकोक्त योजना सर्वपरिचित आहे. तथापि शल्यकर्मोत्तर संभ्रम त्यांनी टळतो असा दावा करण्याजोगा पुरावा नाही. अश्वगंधा भुलीच्या औषधांची गुंगी वाढवू शकते, तर लसणाचे सांद्र कल्प रक्तस्राव. म्हणून नियोजित शल्यकर्मापूर्वी साधारण दोन आठवडे असे कल्प थांबवावेत आणि चालू औषधांची यादी, काढे-चूर्णांसह, भूलतज्ज्ञांकडे लेखी द्यावी. पूर्वीची विस्मृती व मद्यपानही त्यात नोंदवावे.

घरी परतल्यावर रुग्ण अचानक सुस्त झाला, बरळू लागला, ज्वर आला वा मूत्र अडले, तर रसायन सुरू न करता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.